वाचकांचे प्रश्न : दिव्यांग कलाकारांचा कार्यक्रम, त्यांच्याच पुढाकाराने

दिव्यांग कलाकार आणि त्यांचे कार्यक्रम या विषयावर ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे सांस्कृतिक मंडळ दरवर्षी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, दिव्यांग गायक-वादकांचा कार्यक्रम ठेवते. यंदा निमंत्रण स्वीकारताना एका गायकाने विचारले, "तुमच्या समितीत आमच्यापैकी कोणी आहे का?" कलाकारांना व्यासपीठ मिळवून देणे पुरेसे नाही का? — एक कार्यवाह, नौपाडा, ठाणे

उत्तर : त्या गायकाने विचारलेला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मंडळावर आहे. कार्यक्रमात कोण गाणार हे जितके महत्त्वाचे, तितकेच काय गायचे, कोणी निवडायचे, पैसे कशावर खर्च करायचे आणि निवेदनात काय सांगायचे हे कोण ठरवते, हेही महत्त्वाचे असते. हे सारे निर्णय इतरांनी घेतले आणि दिव्यांग कलाकार फक्त त्या संध्याकाळी येऊन गाऊन गेले, तर कार्यक्रम त्यांच्याविषयीचा होतो, त्यांचा होत नाही. निवेदक कलाकाराच्या आजारपणाविषयी पाच मिनिटे बोलतो आणि त्याच्या गुरूंचा, घराण्याचा किंवा निवडलेल्या रागाचा उल्लेख एका वाक्यात उरकतो, असे आपण सर्वांनी पाहिले आहे. श्रोत्यांचे डोळे पाणावतात, पण गाणे ऐकायचे राहून जाते.

सूत्रे दिव्यांग कलाकारांकडे असली म्हणजे काय बदलते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण लंडनच्या ग्रेआई या नाट्यसंस्थेत दिसते. 1980 साली स्थापन झालेल्या या संस्थेची धुरा 1997 पासून जेनी सीली या कर्णबधिर दिग्दर्शिकेने सांभाळली. 2012 च्या लंडन पॅरालिंपिकच्या उद्‌घाटन सोहळ्याच्या सहदिग्दर्शिकाही त्याच होत्या. या संस्थेच्या नाटकांत सांकेतिक भाषा, पडद्यावरची अक्षरे आणि दृश्यांचे वर्णन यांचा विचार संहितेपासूनच होतो आणि ती नाटकाच्या घडणीचा भाग होऊन येतात. दिग्दर्शकालाच ऐकू येत नसेल, तर तालमीच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट दिसेल अशी करावीच लागते.

आपल्या मंडळाला माझी सूचना अशी आहे की, यंदाच्या समितीत किमान दोन दिव्यांग कलाकार घ्यावेत आणि अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी घ्यावेत. सभागृह निश्चित करून, पत्रिका छापून झाल्यावर त्यांना बोलावले, तर त्यांच्या हाती फक्त होकार देणे उरते.

प्रश्न : मी विजेवरच्या व्हीलचेअरवरून नृत्य करते. प्रेक्षागृहात शिरायला उतार असतो, पण मंचावर जायला पायऱ्याच असतात. आयोजक म्हणतात, "चौघे मिळून उचलून नेऊ." मी नकार दिला की मला अडवणूक करणारी समजतात. — एक नर्तिका, नेरुळ

उत्तर : आपला नकार सर्वस्वी रास्त आहे. अनेक विजेवरच्या खुर्च्यांचे वजन माणूस बसलेला नसतानाच 50 किलोंहून अधिक असते आणि ती पायऱ्यांवरून उचलताना हात निसटला, तर इजा आपल्याला होते. शिवाय प्रयोगाला उभे राहण्याआधीच चारचौघांनी उचलून नेलेला देह म्हणून आपली ओळख प्रेक्षकांना व्हावी, हे कोणत्याही कलावंताने का सोसावे?

उतार करून घेण्याआधी आयोजकांना एक हिशेब समजावून सांगावा लागतो. सार्वत्रिक सुगम्यतेच्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत उताराचे प्रमाण 1:12 सांगितले आहे, म्हणजे 1 सेंटिमीटर उंचीला 12 सेंटिमीटर लांबी लागते. मंच 90 सेंटिमीटर उंच असेल, तर उतार जवळजवळ 11 मीटर लांब हवा आणि इतक्या लांबीत मध्ये विसाव्यासाठी सपाट जागाही हवी. विंगेत दोन फळ्या तिरक्या टाकून हे साधत नाही. तशा फळीवरून खुर्ची मागे उलटण्याचा धोका असतो. एवढी जागा नसेल, तर उचलयंत्र भाड्याने घेणे किंवा मंच सोडून देऊन सपाट जमिनीवरच प्रयोग करणे आणि प्रेक्षकांना तिन्ही बाजूंनी बसवणे, हे मार्ग उरतात. दुसरा मार्ग मला विशेष आवडतो, कारण चाकांची गती आणि वळणे जमिनीच्या पातळीवर जवळून पाहताना नृत्यातील बारकावे कळतात. मेकअपची खोली आणि तिथले स्वच्छतागृह मात्र विसरू नये. प्रेक्षकांच्या बाजूचे स्वच्छतागृह सुधारले जाते आणि रंगपटातले तसेच राहते, कारण कलाकारही व्हीलचेअरवरून येईल हे कोणाच्या ध्यानातच आलेले नसते.

कायद्याचा आधारही आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत सांस्कृतिक आणि मनोरंजनाच्या कामासाठी लोक वापरतात अशा खासगी इमारतींचाही समावेश करतो. जुन्या इमारती सुगम्य करण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत नियम 2017 साली अधिसूचित झाल्यापासून मोजायची असल्याने ती 2022 मध्ये संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारशींच्या स्वरूपात न ठेवता बंधनकारक करावेत, असे स्पष्ट केले.

यापुढे प्रत्येक निमंत्रणाला उत्तर देताना आपल्या गरजांचे एक पानी पत्रक सोबत पाठवावे. दाराची रुंदी, मंचावर जाण्याची सोय, स्वच्छतागृह, खुर्ची चार्ज करण्यासाठी विजेची जोडणी, मदतनिसाचा प्रवासखर्च हे सारे त्यात लिहावे. नावाजलेले गायक आपल्या साउंड सिस्टिमच्या गरजा आधी कळवतात आणि त्यांना कोणी अडवणूक करणारे म्हणत नाही.

प्रश्न : आम्ही काही दृष्टिहीन मैत्रिणी स्वतः नाटक बसवणार आहोत. आमच्यासारख्याच प्रेक्षकांना ते पूर्ण कळावे अशी इच्छा आहे. नाटक पाहायला गेल्यावर प्रेक्षागृहात हशा पिकतो आणि कशावर ते कळत नाही, हा अनुभव नेहमीचा आहे. कानात वर्णन ऐकवणारी यंत्रे मात्र परवडणारी नाहीत. — एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : आपले पत्र वाचून मनापासून आनंद झाला, कारण आपण ज्या अडचणीविषयी लिहिले आहे तिचे उत्तर मराठी रंगभूमीच्या आरंभातच आहे. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हापासून त्यांच्या खेळांत सूत्रधार पदांतून कथानक सांगत असे आणि पात्रे त्याला अनुसरून अभिनय आणि भाषण करीत. पोवाड्यातला शाहीर तर गडाची चढण, मशालींचा उजेड, शत्रूची चाहूल हे सारे शब्दांनीच उभे करतो आणि कीर्तनकाराचे आख्यानही डोळे मिटून पाहता येते. म्हणजे मंचावर काय घडते आहे ते मोठ्याने सांगणारे पात्र आपल्या प्रेक्षकाला परके नाही.

म्हणून आपल्या नाटकात एक सूत्रधार किंवा शाहीर घ्यावा आणि कोण आले, कोणी पाठ फिरवली, कोणी पत्र फाडले हे त्याच्या तोंडी पात्राच्या स्वभावाला शोभेल अशा भाषेत घालावे. त्याला भांडखोर करा, हळवा करा, कथेत गुंतवा. वर्णन करण्याचे काम त्याच्याकडे आहे हे प्रेक्षकाला जाणवणारही नाही. असे केल्याने यंत्र लागत नाही आणि डोळस प्रेक्षकांनाही तोच प्रयोग मिळतो. वर्णन संवादांवर चढू नये, ते दोन वाक्यांमधल्या जागेत बसावे आणि त्यात मत नसावे, एवढे पथ्य पाळावे. 'ती खिन्नपणे बसली' असे सांगण्याऐवजी 'ती उंबऱ्यावरच बसली, पदर हातात घट्ट धरून' असे सांगितले, तर खिन्नता प्रेक्षक स्वतःच ओळखतो.

प्रयोगापूर्वी अर्धा तास दृष्टिहीन प्रेक्षकांना मंचावर नेऊन नेपथ्य, वेशभूषा आणि हातातल्या वस्तू हाताळू द्याव्यात आणि प्रत्येक कलाकाराने आपल्या पात्राच्या आवाजात स्वतःची ओळख करून द्यावी. दाराची दिशा, पायऱ्या, झोपाळा हे एकदा हाताला कळले की, पुढे पावलांच्या आवाजावरूनही बरेच उमगते. आपल्या स्वतःच्या हालचालींसाठी मंचावर जाड दोरी चिकटवून त्यावर चटई किंवा कापडी पट्टी लावली, तर मंचाची कड आणि वळणाच्या जागा तळपायाला कळतात. त्यांची तालीम मात्र प्रत्यक्ष प्रयोगाच्या मंचावर किमान एकदा झालीच पाहिजे.

प्रश्न : मी कर्णबधिर आहे. ज्या कार्यक्रमांत सांकेतिक भाषेचा दुभाषी ठेवल्याचे जाहीर होते, तिथेही अनेकदा काहीच हाती लागत नाही. आयोजकांना नेमके काय सांगावे? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे प्रकाश. नाट्यगृहातले दिवे मालवले की दुभाषीही अंधारात जातो, म्हणून त्याच्यावर स्वतंत्र मंद झोत हवा, त्याचे कपडे त्वचेच्या रंगाहून वेगळे आणि एकरंगी हवेत आणि कर्णबधिर प्रेक्षकांच्या खुर्च्या त्याच बाजूला, मंच आणि दुभाषी एका नजरेत येतील अशा राखून ठेवाव्यात. दुसरी गोष्ट, दीड-दोन तासांच्या कार्यक्रमाला दोन दुभाषी लागतात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांनी आलटून-पालटून काम केले नाही, तर थकव्यामुळे अर्थ गळू लागतो. संहिता, गाण्यांचे शब्द आणि विशेषनामे त्यांच्याकडे काही दिवस आधी पोहोचली पाहिजेत, कारण ओवीचा किंवा लावणीचा अर्थ उभ्या उभ्या हातांत उतरवता येत नाही.

मोठ्या वयात ऐकू येईनासे झालेल्या अनेकांना सांकेतिक भाषा येत नाही, हेही आयोजकांना सांगावे. त्यांच्यासाठी मंचाच्या वर किंवा बाजूला मराठी अक्षरांत संवाद दिसले पाहिजेत. त्यासाठी प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि प्रयोगाच्या लयीबरोबर ओळी पुढे सरकवणारा, तालमींना हजर राहिलेला माणूस एवढे पुरते. दुभाषी निवडण्याआधी एखाद्या कर्णबधिर कलावंताचे मत घ्यावे, हे मी आवर्जून सांगेन, कारण ठिकठिकाणच्या खुणांत फरक असतो आणि कोणाचे हात स्पष्ट बोलतात ते त्यांनाच कळते.

प्रश्न : मी दृष्टिहीन संवादिनीवादक आहे. शाल, श्रीफळ आणि टाळ्या भरपूर मिळतात, मानधनाचा विषय काढला की शांतता पसरते. — एक वादक, कळवा

उत्तर : मानधनाचा विषय निमंत्रण स्वीकारण्याआधी आणि लेखी काढावा. तारीख, कालावधी, रक्कम, सोबत्याचा प्रवासखर्च आणि रक्कम कोणत्या दिवशी मिळेल हे एका ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲप संदेशात लिहून होकार मागावा. त्याच मंचावरच्या डोळस तबलजीला जे दिले जाते ते आपल्याला मिळाले पाहिजे. त्याहून कमी घेणे म्हणजे पुढच्या दिव्यांग कलाकाराचाही दर पाडणे आहे. एखाद्या संस्थेसाठी विनामूल्य वाजवायचे असेल, तर तो निर्णय आपला असावा, गृहीत धरलेला नसावा.

आयोजकांकडे पैसे नसल्याची सबब बहुधा येते. तेव्हा त्यांना दोन गोष्टी दाखवाव्यात. 2016 च्या कायद्याचे कलम 29 दिव्यांग कलाकार आणि लेखकांना सुविधा, पाठबळ आणि प्रायोजकत्व देण्याविषयी शासनाला आणि स्थानिक प्राधिकरणांना सांगते. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. महापालिकेच्या समाज विकास विभागाकडे कार्यक्रमाचा प्रस्ताव देताना कलाकारांचे मानधन, दुभाषी आणि उतार यांचा खर्च वेगवेगळ्या रकान्यांत दाखवावा. तो मंडप आणि सजावटीच्या एकत्रित आकड्यात मिसळला, की काटछाट होताना आधी नेमका तोच जातो.

प्रश्न : आमचा मुलगा स्वमग्न आहे आणि त्याला गाणे अतिशय आवडते, पण मोठा आवाज आणि अंधार सहन होत नाही. लोक वळून पाहतात म्हणून आम्ही कार्यक्रमांना जाणेच थांबवले आहे. — एक पालक, खारघर

उत्तर : आपल्यासारख्या कुटुंबांसाठी काही देशांत निवांत प्रयोग ठेवले जातात आणि ते येथेही सहज करता येतील. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवायचे नाहीत, आवाज मर्यादित ठेवायचा, अचानक होणारे कडकडाट टाळायचे, मध्येच उठून जाण्याची आणि परत येण्याची मुभा द्यायची आणि जवळच एक शांत खोली उघडी ठेवायची. प्रयोग सुरू होण्यापूर्वी कलाकारांनी मंचावरून हे नियम स्वतः सांगितले, तर वळून पाहणाऱ्या माना आपोआप थांबतात. कोणत्या मिनिटाला ढोल वाजणार आहे, मध्यंतर केव्हा होणार आहे, सभागृह आतून कसे दिसते, हे छायाचित्रांसह दोन-तीन पानांत आधी कळवले, तर मुलाची घरीच तयारी करून घेता येते.

आपण आपल्या भागातील चार-पाच कुटुंबांना सोबत घेऊन एखाद्या लहान सभागृहात सकाळच्या वेळी असा प्रयोग मागावा. नवी मुंबई मेट्रोच्या बेलापूर ते पेंधर मार्गावरील स्थानकाजवळचे सभागृह निवडले, तर गर्दीची लोकल टाळून येता येईल. कार्यक्रम ठरवण्याच्या बैठकीला एखाद्या स्वमग्न तरुण वादकाला किंवा चित्रकाराला अवश्य बोलवावे, कारण कोणता आवाज टोचतो आणि कोणता सुखावतो हे त्याच्याकडून जितके नेमके कळेल, तितके आपल्याला किंवा मला अंदाजाने सांगता येणार नाही.