स्पॅनिश सिनेमा बघायला घेतोयस? मग आधी सेन्सॉर समजून घे

सुरुवात नव्या, गाजलेल्या सिनेमांपासून करू नकोस. आधी 'रासा' (१९४२) बघ. आहे कंटाळवाणा, पण कथा खुद्द स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोची, टोपणनावाने लिहिलेली. त्याला आपलं घराणं कसं दिसायला हवं होतं, ते त्यात कळतं.

मग थेट दिग्दर्शक बुन्युएलचा 'विरिदियाना'. १९६१ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि तो घ्यायला स्पेनच्या चित्रपट खात्याचा प्रमुख स्वतः मंचावर गेला. व्हॅटिकनच्या मुखपत्राने झोड उठवली, साहेबांची खुर्ची गेली आणि स्पेनमध्ये सिनेमा १९७७ पर्यंत लागला नाही. गंमत म्हणजे सेन्सॉरने शेवट बदलायला लावला, तर नवा शेवट मूळच्यापेक्षा जास्त चावट झाला!

त्या काळातलं स्पॅनिश डबिंग मात्र पुरावा म्हणूनच ऐक. 'मोगॅम्बो' या हॉलिवूडपटातलं विवाहबाह्य प्रेम झाकायला नवरा-बायकोला भाऊ-बहीण करून टाकलं होतं. झाकायला गेले आणि भलतंच उघडं पडलं.

फ्रँको १९७५ मध्ये गेला, पण तिथे सरळ रेघ मारू नकोस. सेन्सॉर १९७७ मध्ये उठलं, तरी दिग्दर्शिका पिलार मिरोचा 'एल क्रिमेन दे क्वेंका' अडवला गेला. सिव्हिल गार्डने, म्हणजे स्पेनच्या निमलष्करी पोलिसांनी, केलेला छळ त्यात दाखवला होता ना! लष्करी खटल्यापर्यंत प्रकरण गेलं, सिनेमा १९८१ मध्ये लागला. आणि १९८२ च्या अखेरीस गोन्सालेस यांच्या समाजवादी सरकारने सिनेमा खात्याची सूत्रं याच बाईंकडे दिली. तिच्या अनुदान धोरणावरचे वाद वाचायचे असतील, तर हा सिनेमा आधी बघून ठेव.