'बुलिंग'साठी मराठीत छळ, दांडगाई की दादागिरी?

सुझान बिअर या डॅनिश दिग्दर्शिकेच्या 'हेव्हनेन' (2010) या चित्रपटाविषयी मराठीत लिहिताना 'बुलिंग'साठी कोणता शब्द वापरावा, 'दादागिरी' की 'छळ', आणि 'रॅगिंग' चालेल का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. शेवटच्या प्रसंगांसाठी 'माफी' योग्य की 'क्षमा', हीही त्यांची शंका आहे. या चित्रपटाला 2011 मध्ये परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्याच्या डॅनिश नावाचा अर्थ सरळ 'सूड' असा आहे.

'रॅगिंग' प्रथम बाजूला ठेवू. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि बोलण्यातही हा शब्द महाविद्यालय, वसतिगृह, नवागत विद्यार्थी यांच्याशीच जोडला गेला आहे. चित्रपटातला एलियास हा शाळकरी मुलगा नवागत नाही. वडील स्वीडिश म्हणून आणि दातांवरच्या तारांमुळे सोफुस आणि त्याचे सोबती त्याला रोज गाठतात, 'उंदीरतोंड्या' म्हणून हिणवतात.

आता मूळ प्रदेशातला शब्द पाहू. स्कँडिनेव्हियन भाषांत या प्रकाराला 'मोबिंग'च्या जवळचा शब्द आहे. घुबड किंवा ससाणा दिसताच कावळे जमून त्याच्यावर तुटून पडतात, त्या वर्तनासाठी प्राणिशास्त्रात वापरला जाणारा हा शब्द पेटर-पाउल हाइनेमान या स्वीडनमधील डॉक्टरांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या टोळक्यांना लावला. पुढे डान ओल्वेउस या संशोधकाने त्यावर आक्षेप घेतला, कारण त्या शब्दाने सारा भर जमावावर जातो आणि नेहमी पुढाकार घेणारा एखादा मुलगा नजरेआड होतो. ओल्वेउस यांनी तीन लक्षणे सांगितली: त्रास जाणूनबुजून दिलेला असावा, तो पुन्हा पुन्हा व्हावा, आणि सोसणाऱ्याला प्रतिकार करणे अवघड जाईल इतकी दोघांच्या बळात तफावत असावी.

या तीन लक्षणांवर आपले शब्द पारखले की निवड सोपी होते. 'दादागिरी' आणि 'दांडगाई' हे दोन्ही शब्द करणाऱ्याचा आव आणि त्याचे बळ दाखवतात; त्यांतला 'दांडगाई' मला अधिक आवडतो, कारण शाळकरी पोराला 'दांडगा' म्हणणे आपल्या घराघरांत रुळलेले आहे. पण दांडगाई एका दिवसाचीही असू शकते. 'छळ' मात्र एका दिवसाचा क्वचितच असतो. त्यात सातत्य आहे, हेतू आहे, सोसणाऱ्याची असहायता आहे, आणि छळणारा एक की अनेक याचे त्या शब्दाला बंधन नाही. संस्कृतातला 'छल' म्हणजे कपट, पण मराठीने त्या अर्थापासून दूर जात पीडेचा अर्थ पक्का केला.

एक व्याकरणाची अडचण आहे. 'सुनेचा छळ' यात सून सोसणारी, तर 'सासरच्या छळाला कंटाळून' या वर्तमानपत्री वाक्यात सासर छळणारे. त्यामुळे 'सोफुसचा छळ' असे लिहिले, तर छळ कोणी कोणाचा केला हे कळणार नाही, आणि या चित्रपटात तो गोंधळ अर्थालाच बाधक ठरेल. कारण क्रिस्टियान हा एलियासचा नवा मित्र सोफुसला सायकलच्या पंपाने बेदम मारतो आणि त्याच्या गळ्याला सुरी लावतो. म्हणून 'सोफुसने एलियासचा चालवलेला छळ' असे स्पष्ट लिहावे. करणाराच दाखवायचा असेल तर 'सोफुसचा जाच' चालेल, कारण 'सासूचा जाच' म्हटल्यावर जाचणारी सासूच, याविषयी कोणाला शंका येत नाही. क्रिस्टियानच्या कृत्याला मात्र छळही म्हणू नये आणि दांडगाईही. ती मारहाण आहे आणि तिच्यामागे सूड आहे. लार्स नावाचा मेकॅनिक एलियासच्या वडिलांना, आन्टोनना, मुलांदेखत थोबाडीत मारतो, ती सरळसरळ दांडगाई.

'माफी'विषयी थोडक्यात. माफी मागितली जाते. कर्ज, फी, शिक्षाही माफ होते, म्हणजे काहीतरी देणे असते आणि ते सोडले जाते. क्षमा न मागताही करता येते. क्रिस्टियानने बनवलेल्या बॉम्बमुळे एलियास जबर जखमी होतो, आणि तो मेला अशा समजुतीने क्रिस्टियान जीव द्यायला उंच इमारतीच्या छतावर चढतो, तेव्हा त्याला वाचवायला आन्टोनच धावतात. तिथे 'क्षमा' हाच शब्द लिहावा.