‘आम्ही पापी’ असं सतत म्हणून माणूस दुबळा होत नाही का?

प्रश्न थोडक्यात असा होता: “मी हिंदू आहे. मडगावला ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, गेले होते. सगळे पुन्हा पुन्हा ‘आम्ही पापी’ म्हणत होते, नंतर प्रार्थनेत ‘तुझ्यावाचून आम्हाला काही जमत नाही’ असंही आलं. अशाने माणसाचा स्वतःवरचा विश्वास जात नाही का? आणि सगळं देवावरच सोडायचं तर प्रयत्न कशाला करायचे?”

तुम्ही मोजलं असतंत तर त्या तासाभरात ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ हे 53 वेळा आलं असतं. हे वाक्य ‘नमो मरिया’ या येशूच्या आईला केलेल्या प्रार्थनेतलं. पाच दशकांच्या, म्हणजे दहा-दहाच्या पाच गटांच्या, जपमाळेत ती सुरुवातीच्या तीन धरून तितक्यांदा म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते खुपणारच. मी मूळची वसईची, लग्न होऊन गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात आले, सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते आणि रविवारी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांची दोत्रीन, म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग, घेते. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण तुमचा प्रश्न मी स्वतःला फार वर्षं विचारला आहे, म्हणून लिहिते.

आधी ‘पापी’ या शब्दाबद्दल. मराठीत तो शिवीसारखा लागतो. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द येतो, हामार्तिया, त्याच्या मुळाशी नेम चुकणं हा अर्थ आहे. बाण सोडला, पण लागायला हवा तिथे लागला नाही. हे कबूल करायला स्वतःचा तिरस्कार करावा लागत नाही. उलट, नेम होता हे मान्य केल्याशिवाय तो चुकला असं म्हणताच येत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात येशू एक दाखला सांगतो. दोघे जण मंदिरात प्रार्थनेला जातात, एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आणि एक जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत असा करवसुली करणारा. परूशी देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही. आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो. जकातदार लांब उभा राहतो, मान वर करत नाही आणि एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. आम्ही लहानपणी यातून ‘गर्व करू नये’ एवढंच शिकलो. आता मुलांना शिकवताना मला दुसरंच दिसतं. परूशी खोटं बोलत नाही. त्याचे उपास खरे, दशांश खरा. पण त्याच्या सगळ्या प्रार्थनेत मागणं एकही नाही. तो देवाला हिशेब वाचून दाखवतो आणि वही मिटतो. देवाने काही द्यावं अशी जागाच त्याने ठेवलेली नाही. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाची सुरुवात ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ अशी होते, तिथे ‘दीन’साठीचा ग्रीक शब्द ‘प्तोखोस’ आहे. कष्ट करून कसंबसं पोट भरणाऱ्या गरिबासाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द होता. हा शब्द ज्याला हात पसरल्यावाचून गत्यंतर नाही त्याच्यासाठीचा.

आणि तुम्ही म्हणता तसं स्वतःला कमी लेखणं? त्याला बायबलमध्ये मान नाही. जळत्या झुडपापाशी देव मोशेला सांगतो की फारोकडे, म्हणजे इजिप्तच्या राजाकडे, जा आणि माझ्या लोकांना गुलामीतून सोडव, तेव्हा मोशे म्हणतो, मी कोण? आजचा एखादा मार्गदर्शक म्हणाला असता, अरे, तुझ्यात केवढी ताकद आहे! देव यातलं काही म्हणत नाही. तो म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठव, अशा सबबी मोशे पुढेही सांगत राहतो, तेव्हा देव चक्क रागावतो. आणि याच मोशेला बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकात पृथ्वीवरचा सर्वात नम्र माणूस म्हटलं आहे. नम्र म्हणजे दुबळा असता तर तो फारोसमोर उभा राहिलाच नसता.

इथवरचं सगळं मला तिशीतच पाठ होतं. कळलं ते पाय मोडल्यावर.

माझे यजमान तारवटी, बोटीवर असायचे. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, शाळा, पावसाआधी कौलं परतून घेणं, सगळं मी एकटीने केलं. कुणापुढे हात पसरला नाही, याचा मला फार अभिमान होता. शेजारून वाटीत काही आलं तर वाटी रिकामी परत पाठवू नये, हे आईने शिकवलेलं. माझ्या हातून त्या रीतीचं काहीतरी वेगळंच झालं होतं. वाटी आली की दुसऱ्या सकाळी भरून परत गेलीच पाहिजे. कुणाचं देणं एक रात्रही घरात राहिलेलं मला चालत नसे.

सात वर्षांपूर्वी जुलैमध्ये मागच्या दारी चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळावरून घसरले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. यजमान बोटीवर, मुलगी आठ दिवस राहून बंगळूरला कामावर परत गेली, मुलगा बारावीत. तेव्हा आमच्या भाटापलीकडची, म्हणजे माडांच्या बागेपलीकडची, शेजारीण यायला लागली. वयाने माझ्याहून मोठी, सगळी वाडी तिला माय म्हणते. रोज सकाळी साडेसहाला ती गरम पाण्याची बादली घेऊन दारात.

ही माय कोण, ते सांगायला हवं. तिचं सासर आमच्या घराचं मुंडकार. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राहणारं कुटुंब. माझ्या आजेसासूच्या काळात तिच्या सासूला नारळ पाडताना, भात मळताना हाक मारली की यावंच लागे, नाही म्हणायची सोय नव्हती. 1975 च्या कायद्याने मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण मिळालं, घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. माय आज स्वतःच्या घरात राहते. आमचं काही म्हणजे काही देणं लागत नाही. आणि ती माझ्यासमोर पाटावर बसून माझे पाय धूत होती, कारण मला वाकता येत नव्हतं.

मला ते सहन होईना. लाज वाटत होती, अपराधी वाटत होतं, आणि खोलवर रागही होता, हे लिहायला मला आजही जड जातं. चौथ्या दिवशी मी पाकिटात पैसे घालून तिच्या हातात दिले. तिने ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “तूं दुयेंत, म्हूण हांव येतां. फाल्यां हांव दुयेंत पडटली.” तू आजारी आहेस म्हणून मी येते, उद्या मी आजारी पडेन. एवढं बोलून ती उरलेलं पाणी टाकायला गेली.

माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही, तेव्हा तोंडातून निघालं, “देव बरें करूं.” गोव्यात राहता, तेव्हा तुम्हीही दिवसातून दहादा हे ऐकत असाल. कोंकणीत आभार असेच मानतात: देव तुझं भलं करो. मासळीवालीला, बसच्या कंडक्टरला मी ते वर्षानुवर्षं म्हणत होते. त्या सकाळी ते बोलताना माझ्या लक्षात आलं की मी काय म्हणते आहे. तू जे दिलंस ते फेडणं माझ्या आवाक्यातलं नाही, ते त्याने फेडावं.

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी दरवर्षी हे वाचलं जातं आणि ‘तुम्हीही अशीच सेवा करा’ असं प्रवचन होतं. ते बरोबरच आहे, येशूने स्वतःच तसं सांगितलं आहे. पण त्या कथेत अडून बसतो तो पेत्र हा शिष्य. तो म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला ही नम्रताच वाटते ना? येशू त्याला सांगतो की मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. पेत्राला गुरूसाठी जीव द्यायचा होता, तसं तो त्याच रात्री म्हणालाही. गुरूकडून घ्यायचं मात्र त्याला जमत नव्हतं. मी तीस वर्षं सेवेच्या बाजूने ही गोष्ट वाचली, कारण सेवा करणारा वरच्या हाताचा असतो आणि तिथे मला बरं वाटत होतं. ख्रिस्ती शिकवणीतली नम्रता मला विचाराल तर ती या पाटासमोर शिकायची असते, पाय पुढे करून.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. नम्रतेचं प्रवचन दुबळ्यालाच ऐकवणं हा त्या शिकवणीचा अपमान आहे, आणि आमच्या समाजात तो झाला आहे. भाटकाराने मुंडकाराला, सासूने सुनेला, दारुड्या नवऱ्याने बायकोला ‘नम्र राहा, ख्रिस्ताने सोसलं’ असं म्हणायचं आणि स्वतः तसूभरही वाकायचं नाही. लूकच्या शुभवर्तमानातलं मरियेचं गीत उघडून पाहा. देवाने अधिपतींना आसनांवरून ओढून काढलं आणि दीनांना उंच केलं, असं ते सांगतं. प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलं की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं. तो वरून खाली आला. म्हणून वाकण्याची पहिली पाळी वर बसलेल्याची.

आता तुमचा दुसरा भाग, प्रयत्न कशाला. हा वाद जुना आहे. पाचव्या शतकात पेलाजियस नावाच्या साधूने मांडलं की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगला होऊ शकतो. संत ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला: चांगलं करण्याची इच्छा होते तीसुद्धा कृपेनेच. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची मतं नाकारली. मात्र त्यातून हातावर हात ठेवून बसा असा निष्कर्ष कुणी काढला नाही. करिंथकरांना पौल एकाच दमात लिहितो की मी सगळ्यांहून जास्त श्रम केले, पण ते मी केले नाहीत, माझ्याबरोबरच्या देवाच्या कृपेने केले. दोन्ही वाक्यं त्याला खरी वाटतात.

आपल्या सासष्टीतच याचं उदाहरण आहे, बाणावलीत 1651 मध्ये जन्मलेले संत जुझे वाझ. प्रतिष्ठित घराण्यातले, शिकलेले धर्मगुरू. डच सत्तेखालच्या श्रीलंकेत तेव्हा कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. तिथले लोक पाद्रीविना आहेत हे कळल्यावर 1687 मध्ये ते मजुराच्या वेशात समुद्र ओलांडून गेले. जाफन्याला पोचेपर्यंत आमांशाने खंगलेले. गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले. ती माळ पाहून ज्याच्या डोळ्यांत ओळख उमटेल तो आपला. म्हणजे घास दुसऱ्याच्या हातचा आणि जीवही दुसऱ्याच्या हातात. पुढे कँडीत पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. 1697 च्या सुमारास तिथे देवीची साथ आली आणि लोक आपल्या आजारी माणसांना सोडून पळाले, तेव्हा या माणसाने त्या टाकलेल्या रुग्णांची शुश्रूषा केली. 1711 मध्ये कँडीतच वारले. पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. देवावर विसंबलेला माणूस आळशी होतो असं कुणी म्हटलं की मला हेच आठवतात. मला तर वाटतं, ‘हे माझ्याच्याने निभणार नाही’ अशी भीती त्यांनी आधीच देवाकडे सोपवली होती, म्हणून ते इतकं करू शकले.

तुम्हाला शेतीचं उदाहरण जवळचं वाटेल. राय गावात 5 ऑगस्टला कणसांचं फेस्त, म्हणजे नव्या पिकाचा सण, होतं. नांगरणी, लावणी, निंदणी करणाऱ्या माणसांनाच पहिलं कणीस वेदीवर ठेवायचं असतं. तुमच्याकडे गणेश चवथीत नवें, म्हणजे नव्या धान्याची पूजा, करतात, तेव्हा शेतकऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, देवच देतो तर तू चिखलात का उतरलास.

पुढच्या वेळी मैत्रिणीकडे तेर्साला गेलात तर तिच्या आईला जरूर विचारा की ‘आम्हा पाप्यांसाठी’ म्हणताना त्यांच्या मनात काय असतं. माझ्यापेक्षा त्या चांगलं सांगतील.

मी आता काठीशिवाय चालते. 2016 पासून पवित्र गुरुवारी ज्या बारा जणांचे पाय धुतात त्यांत बायकांनाही घेता येतं. गेल्या वर्षी आमच्या पाद्रींनी मायचं नाव घातलं. बुधवारी संध्याकाळी ती माझ्याकडे आली, नाव काढायला सांग म्हणून. “नाका गे बाय, म्हजे पांय फुटल्यात.” मी तिला खुर्चीवर बसवलं, बादलीत गरम पाणी आणलं. ती पाय मागे ओढत होती. बराच वेळ लागला. गुरुवारी ती पहिल्या बाकावर बसली होती, डोळे घट्ट मिटून.