७७ गिगाहर्ट्झचा पहिला पॅच अॅरे करताना

हे गाडीच्या रडारच्या अँटेनाबद्दल आहे: पॅच म्हणजे बोर्डावरचा अँटेनाचं काम करणारा तांब्याचा छोटा चौकोनी तुकडा, आणि अॅरे म्हणजे असे अनेक पॅच एकत्र. एकदम मोठ्या अॅरेला हात घालू नका. आधी एकच पॅच नीट जमवा, मग एका ओळीतली सीरिज-फेड रांग (सिग्नल एका पॅचमधून पुढच्यात जातो अशी), आणि बाकीचं त्यानंतर.

सगळ्यात जास्त वेळ द्या सबस्ट्रेटला, म्हणजे बोर्डाच्या मूळ पदार्थाला. एफआर-४ (पीसीबीचा नेहमीचा पदार्थ) इथे चालत नाही, त्यात सिग्नल फार वाया जातो. रॉजर्स कंपनीचा आरओ३००३ बोर्ड, ०.१२७ मिमी जाडीचा, ही सुरुवातीला चांगली निवड. त्यावर पॅचची लांबी साधारण १.१ मिमी येते. म्हणजे एचिंगमध्ये (नको असलेलं तांबं काढताना) २५ मायक्रॉनचा फरक पडला तरी रेझोनन्स (पॅच ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत चांगला चालतो ती) दीड-दोन गिगाहर्ट्झने सरकतो! म्हणून पीसीबी बनवणाऱ्याची टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक पडू शकतो ते, डिझाइनआधी विचारा, नंतर नव्हे. आणि सिम्युलेशनमध्ये तांब्याचा खडबडीतपणा धरा. गुळगुळीत तांबं धरलं तर लॉस (वाया जाणारा सिग्नल) कमी दिसतो आणि आकडे उगाच सुखावतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- इतक्या पातळ बोर्डावर साध्या पॅचकडून ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या पूर्ण बँडची अपेक्षा. ७६-७७ वर सुरू करा.
- सीरिज-फेडमध्ये फ्रिक्वेन्सी बदलली की बीमही (लहरींचा मुख्य झोतही) कलतो, हे न तपासणं. बँडच्या दोन्ही टोकांना पॅटर्न (कोणत्या दिशेला किती सिग्नल जातो ते) बघाच.
- रिसीव्ह चॅनलमधलं (परत आलेला सिग्नल घेणाऱ्या अँटेनांमधलं) अंतर वाढवणं. रुंद कोन हवा असेल तर अर्ध्या तरंगलांबीजवळ, म्हणजे १.९५ मिमीच्या आसपास राहा.
- बंपर आणि रेडोम (अँटेनावरचं आवरण) शेवटी आठवणं. ते पहिल्यापासून मॉडेलमध्ये हवेत.

साइडलोबसाठी (मुख्य झोताच्या बाजूच्या नको असलेल्या झोतांसाठी) टेपरिंग, व्हर्च्युअल अॅरे वगैरे पुढची तंत्रं सध्या बाजूला ठेवा. एका पॅचचं मोजमाप आणि सिम्युलेशन जुळलं की ग्राफ इथे टाका, पुढचं मिळून बघू.