मार्ग नव्हे, रोजचा टप्पा निवड

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. स्पेनमधल्या सँटिआगो या तीर्थक्षेत्रापर्यंत चालायचं, पण गाड्यांच्या आवाजात नाही, हे ठरवलंस ते फार बरं केलंस. फक्त ‘सगळ्यात शांत मार्ग कोणता’ हा प्रश्न जरा बाजूला ठेव. तिकडे जाणारा कुठलाच मार्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत शांत नाही आणि ज्याला सगळे गजबजलेला म्हणतात, त्या कॅमिनो फ्रान्सेस या यात्रामार्गावरही शांतपणे चालता येतं. त्यासाठी रोजचा टप्पा नीट पारखावा लागतो.

याच मार्गावरचा फ्रोमिस्ता ते कारिओन हा जेमतेम 19 किलोमीटरचा टप्पा घे. डांबरी रस्त्याला अगदी खेटून यात्रेकरूंसाठी खडीची सरळसोट वाट केली आहे. बहुतेक जण मुकाट्याने तीच धरतात. पण पोब्लासिओन दे काम्पोसला उजवीकडे एक फाटा निघतो. तो विलोविएको गावावरून उसिएसा नदीच्या काठाने जातो आणि व्हियालकासारला पुन्हा मुख्य वाटेला मिळतो. एका बाजूला नदीकाठची झाडं, दुसऱ्या बाजूला शेतं. अंतर थोडंसंच वाढतं, पण दिवस पार बदलून जातो. असे फाटे मार्गावर बरेच आहेत. तेच शोधायचे.

पुढे लेऑन शहर सोडल्यावरही तसंच. ला व्हिर्हेन देल कामिनोपासून उजवी वाट एन-120 या महामार्गालगत जाते, डावी व्हियार दे माथारिफेवरून शेतांतून. डावीच घे. मात्र माथारिफेच्या पुढे बराच वेळ सरळ डांबरी रस्ता आहे. वाहनं तुरळक, पण तळपाय तापतात. शांत वाट पायांना मऊच असेल, असं धरून चालू नकोस.

आणि शांततेच्या हट्टापायी पाण्याकडे दुर्लक्ष नको, हे मी तुला कळकळीने सांगतो आहे. लेऑनच्या आधी लागणाऱ्या साआगून गावाच्या पुढे जुन्या रोमन रस्त्याची वाट आहे. काल्सादिया दे लोस एर्मानियोस सोडलं की जवळपास 18 किलोमीटर ना गाव, ना सावली. वसंतात किंवा शरदात ती जरूर चाल, भरपूर पाणी घेऊन. भर उन्हाळ्यात मात्र एल बुर्गो रानेरोची वाट बरी. ती रस्त्याकडेने जाते खरी, पण तिथे झाडं लावलेली आहेत आणि रस्त्यावर फारशी वर्दळही नसते.

म्हणूनच नकाशावर रस्ता दिसला की लगेच नाक मुरडू नकोस. शेजारून मोठा द्रुतगती मार्ग झाला असेल, तर जुना रस्ता बहुधा ओस पडलेला असतो. याच मार्गावरच्या वाल्कार्से खोऱ्यात नेमकं हेच झालं आहे. उपग्रहाचा नकाशा मोठा करून वाट रस्त्यापासून किती दूर सरकते ते बघ. गाईडबुकातून हे कळत नाही.

डोंगर चढायची तयारी असेल तर ओविएदोहून निघणारा कॅमिनो प्रिमितिवो बघ, साधारण 320 किलोमीटरचा. त्यातला ओस्पितालेसचा डोंगरमाथा मला सर्वांत प्रिय. पण वर सुमारे 24 किलोमीटर एकही गाव नाही. धुकं असेल तर पोला दे आयान्देवरून खालून जा, त्यात कमीपणा मानू नकोस. मेलिदेला हा मार्ग फ्रान्सेसला मिळतो आणि तिथून शेवटचे पन्नासेक किलोमीटर गर्दी असतेच. ती गृहीत धर.

रस्त्याच्या कडेने चालावंच लागलं तर डाव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाल. पहाटे अंधारात निघत असशील तर चमकणारं जॅकेट हवंच.

आता असं कर, पहिल्या आठवड्याचे टप्पे मुक्कामाच्या गावांसह लिहून पाठव. कुठे कुठे फाटा घेता येईल, ते मी खुणा करून कळवतो.

सप्रेम