घरात एकच टोप

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तू दुकानाच्या फळीसमोर उभी होतीस. कडेवर बाबू, हातात दुधात घालायच्या पुडीचा तो मोठा डबा. डबा परत ठेवलास, दोन पावले मागे सरलीस, पुन्हा उचललास. पाचशेची नोट पर्समधून अर्धी बाहेर आली होती. मी हाक मारली तशी दचकलीस आणि विचारलेस, ''काकी, हे नाही दिले तर बाबू मागे पडेल का?''

माझी बस सुटायची होती, म्हणून मी ''घेऊ नको'' एवढेच म्हटले. तुझे तोंड उतरले. पैसे कमी आहेत म्हणून काकी समजूत घालते, असे तुला वाटले असणार. ते तोंड चार दिवस डोळ्यांपुढून हलेना, म्हणून आज लिहायला बसले.

पैशांचा हिशेब आधी उरकते. तो डबा सव्वाचारशेला. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे तुझ्या खात्यात महिन्याला 1500 येतात. त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त एका डब्यात गेला, आणि डबा पंधरा दिवसांत संपतो. लोहखनिजाच्या खाणी 2012 मध्ये थांबल्या तेव्हापासून तुझ्या सासऱ्यांचा ट्रक दारात उभा आहे, नवरा कंत्राटावर. त्या घरात हा पैसा कुठून काढणार, ते मी सांगायला नको. पण उद्या तुझ्या हातात पन्नास हजार असते तरी मी हेच म्हटले असते. घेऊ नको.

डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेले कधी वाचलेस? मी वाचले, चष्मा लावून. 100 ग्रॅममागे 30 ग्रॅमहून जास्त साखर. एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानेच ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितले, की असली पेये 'हेल्थ ड्रिंक' म्हणून मांडू नका, कारण अन्नाच्या कायद्यात असा प्रकारच नाही. मग तू कशाला मांडतेस घरात?

बाबू अडीच वर्षांचा. त्याचा वजनाचा तक्ता मी पाहिला आहे. रेघ हिरव्या पट्ट्यात आहे आणि वर चढते आहे. बारीक दिसतो, कारण तुझा नवराही बारीक आहे. अंगणवाडीत तीस वर्षे मी मुले काट्याला टांगली. गुबगुबीत दिसणारी पण रक्त नसलेली पाहिली, काटकुळी पण दिवसभर अंगण पालथे घालणारीही पाहिली. तक्त्यातली रेघ बघायची, शेजारणीचे तोंड नाही.

आता माझे मुख्य म्हणणे ऐक. घरात एकच टोप, शिजवायचे भांडे एकच. आई-बाप जे खातात तेच लेकरू खाईल आणि लेकरू खाईल तेच आई-बाप खातील. लेकराचे वेगळे, नवऱ्याचे वेगळे आणि आपले म्हणजे खरवड, हे चालायचे नाही. अंगणवाडीत मी हे इतक्या वेळा सांगितले की बायका मला बघून म्हणायच्या, ''आली टोपवाली.'' म्हणू देत.

मला हे उशिरा कळले. थोरला 1987 चा. पहिला मुलगा, त्यात नवऱ्याला खाणीवर बरा पगार. मी त्याच्यासाठी सगळे वेगळे करायची. बाटलीत डब्यातली पूड घातलेले गोड दूध, ते रात्री तोंडात धरूनच तो झोपायचा. सकाळी चहात बुडवलेली बिस्किटे. दुपारी आमची पेज आणि कालची आटवलेली कडी, त्याला मात्र तुपात परतलेला शिरा. चौथ्या वर्षी त्याचे पुढचे चार दात काळे पडून तुटले. डॉक्टरांनी आरसा धरून दाखवले, मी खाली बघत बसले. पेजेचा वास आला की तो ओकारी काढायचा, कारण त्याची जीभच मी तशी घडवली होती. तीन तीन वेळा चूल पेटवायची मी, आणि सगळ्यांचे झाल्यावर उरले तर जेवायची.

मुलगी पोटात होती तेव्हा विहिरीवर चक्कर येऊन पडले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. मुलगी जन्मली दोन किलोची. घरात डबा होता, तूप होते, बदाम होते, आणि मुलगी दोन किलोची. कुणाला दोष देऊ? सगळ्यात शेवटी जेव, असे सासूने कधी सांगितले नव्हते. मीच आपल्या हाताने स्वतःला शेवटी बसवले होते.

म्हणून 'एकच टोप' म्हणते तेव्हा तू बाबूचा विचार करतेस आणि मी तुझा. परवा तुझे मनगट धरले तर काकण कोपरापर्यंत सरकले. त्याला डबा आणायला निघालीस, तू स्वतः सकाळी काय खाल्ले होतेस? सांग मला. चहा. आणखी? परत चहा. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही, हे तुला बाळंतपणाच्या आधी दहा वेळा सांगितले आहे. जेवणानंतर तास-दीड तास तरी चहा नको. जेवताना लिंबू पिळ.

टोपात काय घालू, असे विचारशील. नाचणी घाल. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या जवळपासही नाही. एका डब्याच्या पैशांत पाच-सहा किलो नाचणी येते. पण पीठ विकत आणू नको. नाचणी रात्रभर भिजव, ओल्या फडक्यात बांधून मोड आण, सावलीत वाळव, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाज आणि दळून आण. मोड आणलेल्या पिठाचे तिजान, म्हणजे नाचणीची खीर, दाटून गोळा होत नाही, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते आणि लेकराच्या छोट्या पोटात जास्त जाते. अडीच वर्षांच्या पोराला गाळायची गरज नाही. नारळाचा रस शेवटी घाल, उकळी फोडू नको. गूळ चमचाभर पुरे. आणि हे तिजान नवऱ्यालाही दे, तूही घे. फक्त बाबूसाठी वाटीभर करशील तर ते परत त्याचे 'औषध' होईल आणि तो तोंड फिरवील.

मोडाच्या मुगांच्या मुगागाठी करतेस तेव्हा वाटण घालण्याआधी शिजलेले मूग आणि रस बाबूसाठी वाटीत काढ. टोप तोच, फक्त मिरसांगेचे तिखट नंतर. चवळीसारख्या अळसांद्याचेही तसेच. तारले मासे स्वस्त असतात तेव्हा महागड्या विसवणाकडे बघत उभी राहू नको. काटे काढायला वेळ लागतो, लागू दे, बोटांनी चाचपून दे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या बांगड्यावर लेकराला ढकलू नको. मीठ फार असते त्यात. ते दोन महिने अंडे, मूग आणि तायकिळो, अळू या पावसातल्या पालेभाज्या. दारात फुकट उगवते म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. संध्याकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की पोई घे, कोंड्याची असते. बिस्किटाचा पुडा घरात आणूच नको. आणलास की तो मागणार, मागितल्यावर तू देणार, आणि मग जेवणाला भूक कुठून येणार?

आणि तो मोबाईल. मी तुझ्याकडे आले तेव्हा बाबूसमोर तो लावून तू घास कोंबत होतीस. दहा मिनिटांत वाटी रिकामी झाली म्हणून तू खूश. अगं, तोंडात काय गेले ते त्याला कळले तरी का? टोप एक म्हणजे पंगतही एक. तो सांडील, निम्मे टाकील, चार दिवस रडून घर डोक्यावर घेईल. घेऊ दे. पाचव्या दिवशी बापाच्या ताटातला तुकडा स्वतः उचलील. आणि पाचव्या दिवशी नाही उचलला तर दहाव्या. एवढा धीर तुझ्यात आहे. नसता तर दहा वर्षे सासऱ्यांचे आजारपण काढले नसतेस.

नणंद हसेल, ''पोराला पेज देतेस?'' म्हणेल. मला ठाऊक आहे ते कसे टोचते, कारण मला माझ्या लेकीनेच टोचले आहे. मुलगी झाल्यावर डबा बंद केला, सगळ्यांना एकच टोप. दोन किलोची पोर पेज, तिजान, तारले खाऊन वाढली. आजवर तिच्या दाताला कीड नाही. पण मोठी झाल्यावर एका चवथीला, सगळे जमलेले असताना, ती म्हणाली, ''दादाला डबा आणि मला पेज. मुलगी होते ना मी.''

काय सांगणार होते मी तिला? की तुझ्याच वाट्याला चांगले आले? सांगितले. तिने ऐकून घेतले आणि ताट उचलून आत गेली. मला शिकायला एक लेकरू खर्ची पडले, बाय, आणि शिकल्याचा लाभ जिला झाला तिला तो अन्याय वाटतो. पण त्या वेळी घरात पैसे होते. मी डबा पैशांसाठी बंद केला नव्हता, मुलगी म्हणूनही नव्हता. आज पुन्हा दोन किलोची पोर कुणी माझ्या ओटीत घातली तर मी हेच करीन. तिला पटो न पटो.

एक चूक मात्र कबूल करते. थोरल्याला तेव्हाच पंगतीला बसवायला हवे होते. तो पाच वर्षांचा होता, चार दिवस रडला असता. त्याचे रडणे मला सोसवले नाही. त्याच्यासाठी शिरा चालूच ठेवला. लेकीने तेच पाहिले. 'घरात एकच टोप' म्हणत मी दोन टोप चालवले, तिचा राग त्यातला आहे आणि तेवढा खरा आहे.

तुझ्याकडे एकच लेकरू आहे, अजून अडीच वर्षांचे. दुसरे होईल तेव्हा हा घोळ तुझ्या घरात नको.

शनिवारी दुपारी ये, बाबूला घेऊन. उपाशी ये आणि चहा न घेता ये. नाचणीला मी आजच मोड आणायला बांधली आहे, तोवर वाळून भाजून होईल. तू नारळ घेऊन ये, आमच्या माडाचे अजून कोवळे आहेत. लेकही येणार आहे त्या दिवशी. पेजेचा विषय निघाला की ती काहीतरी बोलेल, तू मध्ये पडू नको. तिला तिजान आवडते.

तुझी,
काकी