पुड्यावरचं नाव परदेशात कोणाचं?

प्रश्न (सावदा, ता. रावेर): ताई, आमचा केळीच्या वेफर्सचा छोटा धंदा आहे. नाव 'आक्काची कढई', पुड्यावर बांगड्या भरलेला हात आणि झारा असं चित्र. दोन वर्षांपूर्वी इथे ट्रेडमार्क रजिस्टर झालाय. आता लक्झेंबर्गचा एक दुकानदार चाळीस खोके मागतोय, वर म्हणतो तुम्ही कशाला डोक्याला ताप करता, नाव इकडे मी माझ्या नावावर रजिस्टर करून टाकतो. करू द्यावं का? आणि आपलं सर्टिफिकेट तिकडे चालत नाही का?

उत्तर: दादा, अजिबात करू देऊ नका. माणूस चांगला असेलही, पण उद्या भावावरून वाजलं आणि तुम्ही दुसऱ्या दुकानदाराला माल दिला तर तोच तुमचे खोके अडवेल, आणि कागद त्याच्या बाजूने असेल. आपलं सर्टिफिकेट आपल्या देशापुरतंच. आपल्याकडे आधीपासून नाव वापरणाऱ्याला कायद्यात थारा आहे, तिकडे मात्र ज्याचा अर्ज आधी त्याचं नाव असाच हिशोब धरून चाला.

गंमत अशी की लक्झेंबर्गचा स्वतःचा वेगळा ट्रेडमार्क नसतोच. देश एवढासा, आपल्या जळगाव जिल्ह्यात असे चार बसतील. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या तिघांचा १९७१ पासून एकच बेनेलक्स ट्रेडमार्क आहे, ऑफिस नेदरलँड्समध्ये द हेगला. म्हणजे एका अर्जात तिन्ही देश. एका क्लासची (म्हणजे मालाच्या ठरलेल्या वर्गाची) फी अडीचशे युरोच्या आसपास, वेफर्स २९ मध्ये येतात, ताजी केळी पाठवायची असतील तर क्लास ३१ वेगळा. युरोपातला पत्ता किंवा अर्ज हाताळणारा तिकडचा एजंट लागतो, तो मात्र त्या दुकानदाराचा नको. अख्ख्या युरोपियन युनियनचा मार्क स्पेनमधल्या आलिकान्तेच्या ऑफिसात मिळतो, फी ८५० युरो, पण २७ पैकी एका देशात जरी कोणाचं जुनं मिळतंजुळतं नाव निघालं आणि त्याने हरकत घेतली तर सगळा अर्ज बोंबलतो. चाळीस खोक्यांसाठी मी तरी बेनेलक्सच सांगेन.

तिसरा रस्ता माद्रिदचा, म्हणजे एका अर्जात अनेक देश निवडायची आंतरराष्ट्रीय सोय. भारत २०१३ पासून त्यात आहे, आपल्या ट्रेडमार्क ऑफिसमार्फत अर्ज जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय ऑफिसला जातो आणि बेनेलक्स त्यात निवडता येतं. सोपं वाटतं, पण पहिली ५ वर्षं तो तुमच्या इथल्या मार्कवर टेकलेला असतो, इथला रद्द झाला की तिकडचाही गेला.

आता लोक इथेच फसतात. हेगचं ऑफिस फक्त एवढंच बघतं की नाव मुळात नोंदवण्यासारखं आहे का, नुसतं 'केळी वेफर्स' अशा अर्थाचं असेल तर नाही म्हणतं. पण दुसऱ्याने तुमच्यासारखंच नाव टाकलं तर ते स्वतःहून अडवत नाही, अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून २ महिन्यांत जुन्या मालकानेच हरकत घ्यायची. म्हणून आज रात्रीच टीएमव्ह्यू या ट्रेडमार्क शोधायच्या वेबसाइटवर तुमचं नाव टाकून बघा, फुकट आहे. रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाका, कढईचं स्पेलिंग जो तो आपल्या मनाने करतो. अर्जही रोमन नावाचा करा, देवनागरी अक्षरं तिकडे चित्रासारखी धरली जातात.

आणि त्याने आधीच अर्ज टाकला असेल तर? घाबरू नका. मालकाला न विचारता त्याचा माल विकणाऱ्या एजंटाने स्वतःच्या नावावर नोंदवलेला मार्क पाडता येतो, पॅरिस करारातच (ट्रेडमार्क वगैरेंचा जुना आंतरराष्ट्रीय करार) ती सोय आहे. पण तुम्ही व्हॉट्सअॅपवर 'हो करा' म्हणून मोकळे झाला असाल तर अवघड आहे भो. त्याला आजच लेखी 'नाही' कळवा.

प्रश्न (धुळे): मिरची पावडरचं नाव तिकडे आत्ताच नोंदवून ठेवलं आणि माल दोन-तीन वर्षांनी पाठवला तर चालेल का?

उत्तर: चालेल. नोंदणी १० वर्षांची, पुढे रिन्यू होते. पण सलग ५ वर्षं तिकडे माल विकलाच नाही तर कोणीही ती रद्द करायला मागू शकतो, तेव्हा अधूनमधून गिऱ्हाईकाला खरोखर माल विका आणि बिलं जपून ठेवा.